मृत्युपत्रातील माणसे

नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेने मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे. या महिन्यात धर्मग्रामातील कुटुंबे आपापल्या दिवंगतांच्या नावांच्या चिठ्ठ्या आमच्याकडे आणून देतात आणि आम्ही ती नावे वेदीवर ठेवून मिस्सा अर्पण करतो. अनेक वर्षे या चिठ्ठ्या वाचताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली आहे. बहुतेक चिठ्ठ्या आजोबांपर्यंत पोहोचतात, काही पणजोबांपर्यंत. त्यापुढे ‘आणि सर्व पूर्वज’ एवढेच शब्द उरतात. स्त्रियांची नावे तर त्याहून आधीच संपतात. पणजोबांचे नाव ठाऊक असते, पणजीचे नसते. आत्या आणि आत्येआजी तर जणू या घरात जन्मल्याच नव्हत्या.

अलीकडे आपल्या लोकांत कुलवृत्तान्ताची आवड निर्माण झाली आहे. घराला शंभर वर्षे झाली, आईवडिलांच्या विवाहाचा सुवर्णमहोत्सव आला, की कोणीतरी उत्साही तरुण वंशवृक्ष काढू लागतो आणि चर्चच्या कचेरीत येऊन जुन्या नोंदवह्या पाहू मागतो. ते योग्यच आहे. १५६३ साली ट्रेंटच्या परिषदेने स्नानसंस्कार व विवाह यांच्या नोंदी ठेवण्याचा दंडक घालून दिला आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने मृत्यूच्या नोंदींचीही त्यात भर घातली. ज्या काळी सामान्य माणसाचे नाव लिहून ठेवण्याची गरज कोणालाच वाटत नव्हती, त्या काळी ख्रिस्तसभेने कोळ्याचे, शेतकऱ्याचे, विधवेचे नाव लिहून ठेवले, याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु या नोंदवह्यांनाही मर्यादा आहेत. १७३९ साली वसईचा पाडाव झाला; त्या धामधुमीत अनेक मंदिरे उजाड झाली, त्यांचे कागदही पांगले. शिवाय नोंदवही आपल्याला तीन दिवस सांगते: माणसाला पाण्याने स्नान घातले तो दिवस, त्याचा हात दुसऱ्याच्या हाती दिला तो दिवस आणि त्याला मातीत ठेवले तो दिवस. या तीन दिवसांच्या मधले आयुष्य तिला ठाऊक नसते.

ते आयुष्य ज्या कागदांत सापडते, त्यांत मृत्युपत्राचे स्थान फार वरचे आहे. मृत्युपत्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भांडण येते, वकील येतात, कोर्टाच्या पायऱ्या येतात. परंतु ज्या ग्रीक शब्दाचे भाषांतर आपण ‘करार’ असे करून पवित्र ग्रंथाचे जुना आणि नवा असे दोन भाग सांगतो, त्याच शब्दाचा दुसरा अर्थ मृत्युपत्र असा आहे. सेमिनरीत हे शिकलो तेव्हा तो आम्हांस भाषेचा एक गमतीदार तपशील वाटला होता. पुढे धर्मग्रामात लोकांचे जुने कागद हाती येऊ लागले, तेव्हा त्याचा अर्थ उमगला. आपल्यामागे राहणाऱ्यांशी माणूस जो शेवटचा करार करतो, ते मृत्युपत्र.

पोर्तुगीज अमदानीतील मृत्युपत्रांची सुरुवात पवित्र त्रैक्याच्या नावाने होत असे. प्रथम आत्मा परमेश्वराच्या स्वाधीन, मग देह कोठे पुरावा याची सूचना, मग किती मिस्सा म्हणाव्यात, कोणत्या गरिबांना काय द्यावे, कोणाचे देणे फेडायचे राहिले आहे. आणि हे सारे झाल्यावर घर, वाडी, दागिने. पुढे इंग्रजी अमलात मृत्युपत्राचा साचा बदलला, त्याची भाषा कोरडी झाली. तरी माणसे त्या साच्यातूनही डोकावत राहिली. विहिरीवरचा रहाट कोणाकडे जावा, बावखलाकाठची नारळाची झाडे कोणी राखावीत, पितळेचा मोठा हंडा कोणत्या सुनेला द्यावा, असे तपशील आम्ही स्वतः वाचले आहेत. एका हंड्याच्या उल्लेखावरून त्या घरात किती माणसांचे जेवण रांधले जात असेल, याची कल्पना येते.

मृत्युपत्राखालच्या साक्षीदारांकडेही पाहावे. कायद्याने किमान दोन साक्षीदार लागतात, आणि ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्रावर ज्याने साक्ष घातली त्याला किंवा त्याच्या जोडीदाराला त्या मृत्युपत्राने काही दिले असेल तर ते मिळत नाही. त्यामुळे साक्षीदार बहुधा घराबाहेरचे असतात: शेजारी, शाळामास्तर, क्वचित धर्मगुरू. मरणाच्या छायेत माणसाने विश्वासाने कोणाला बोलावले, हे त्या दोन सह्यांवरून कळते. सही की अंगठा, यावरून घरात अक्षरओळख केव्हा आली तेही उमजते.

हे कागद कोठे मिळतील, असे आम्हांस वारंवार विचारले जाते, म्हणून थोडे तपशिलात सांगतो. मुंबईत १७२६ च्या सनदेने मेयरचे न्यायालय स्थापन झाले आणि मृत्युपत्रे शाबीत करण्याचा अधिकार त्याला मिळाला. तेच काम पुढे रेकॉर्डरच्या न्यायालयाकडे, मग सुप्रीम कोर्टाकडे आणि १८६२ पासून मुंबई उच्च न्यायालयाकडे आले. ज्या मृत्युपत्राचे प्रोबेट झाले, त्याची प्रत न्यायालयाच्या दप्तरात राहते. अर्जासोबत मालमत्तेची यादी आणि किंमत द्यावी लागते. प्रोबेट मिळाल्यावर व्यवस्थापकाने सहा महिन्यांत मालमत्तेची पूर्ण यादी आणि वर्षभरात हिशेब सादर करावा, असाही दंडक आहे. कुटुंबाच्या इतिहासकाराला या याद्या कित्येकदा मृत्युपत्राहून अधिक बोलक्या वाटतात, कारण मृत्युपत्रात माणसाची इच्छा असते, यादीत त्याचे घर असते. २००२ सालच्या दुरुस्तीने भारतीय ख्रिस्ती लोकांना मृत्युपत्राच्या आधारे हक्क सांगण्यासाठी प्रोबेट घेण्याची सक्ती उरली नाही. म्हणून त्याआधीच्या मृत्युपत्रांचा शोध न्यायालयात घ्यावा आणि नंतरच्यांचा प्रथम घरच्या कपाटात.

ज्यांनी मृत्युपत्राची नोंदणी केली, त्यांची नोंद दुय्यम निबंधकाच्या कचेरीत मिळते. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्युपत्रांसाठी तेथे तिसऱ्या क्रमांकाचे स्वतंत्र पुस्तक असते. मृत्युपत्र करणारा हयात असेपर्यंत त्याची नक्कल इतरांना मिळत नाही; त्याच्या निधनानंतर मात्र कोणीही अर्ज करून ती मागू शकतो. वसईकरांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वीच्या काळासाठी ठाण्याचीही दारे ठोठवावी लागतात.

एक बारकावा येथेच नमूद करतो. जुन्या कायद्यानुसार, ज्या ख्रिस्ती माणसाला पुतण्या-भाची किंवा त्याहून जवळचा नातेवाईक असेल, त्याला धर्मकार्यासाठी मृत्युपत्राने काही द्यायचे असल्यास ते मृत्युपत्र निधनापूर्वी किमान बारा महिने केलेले असावे आणि सहा महिन्यांच्या आत ठरलेल्या ठिकाणी जमा केलेले असावे, अशी अट होती. एका धर्मगुरूंनी दाद मागितल्यावर २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. परंतु त्या अटीमुळे ज्यांना चर्चला किंवा गरिबांना काही द्यायचे होते त्यांनी ठणठणीत असतानाच मृत्युपत्र लिहिणे भाग होते. तेव्हा आपल्या घराण्यात कोणी चर्चला जमीन दिल्याची आठवण असेल, तर शोध निधनाच्या वर्षापासून न घेता बराच मागून घ्यावा.

आपल्या गोव्याच्या बांधवांची वाट निराळी आहे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता तेथे १८७० पासून लागू झाली आणि मुलगा-मुलगी हा भेद तिने वारशात ठेवला नाही. तेथे आईबापांना आपल्या हिश्शाच्या निम्म्याच भागाचे मृत्युपत्र करता येते. उरलेला निम्मा भाग मुलांचा असतो, तो कोणी काढून घेऊ शकत नाही. वाटणी न्यायालयात इन्व्हेंटरीच्या कामकाजाने होते. त्यात कुटुंबप्रमुखाला शपथेवर सांगावे लागते की अमुक माणूस अमुक दिवशी वारला, त्याचे वारस हे, ते विवाहित की अविवाहित, राहतात कोठे. एका इन्व्हेंटरीत कधी कधी तीन पिढ्या एकत्र बसलेल्या दिसतात; त्यांत परदेशी निघून गेलेल्यांचा ठावठिकाणाही असतो.

आणि ज्यांच्या घरी मृत्युपत्र कधी लिहिलेच गेले नाही, त्यांनी निराश होऊ नये. तलाठ्याच्या दप्तरातील फेरफार नोंदी हा गरिबाचा कुलवृत्तान्त आहे. खातेदार वारला की त्याच्या वारसांची नोंद तेथे होते. एखाद्या नावापुढे ‘अ.पा.क.’ ही अक्षरे दिसली तर ते मूल त्या वेळी अज्ञान होते आणि पुढे लिहिलेली व्यक्ती त्याची पालनकर्ती होती, असे समजावे. बाप गेला तेव्हा मुलांना कोणी उराशी धरले, ते सरकारी कारकुनाच्या त्या तीन अक्षरांत लिहिलेले असते.

आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला ते सांगतो. तपशील बदलून, आणि त्या कुटुंबाला विचारूनच सांगतो.

आमच्या ओळखीच्या एका घरात वंशवृक्ष काढण्याचे ठरले. सर्व नावे पुरुषांची होती. जुन्या पेटीत मोडी लिपीतला एक कागद निघाला. तो वाचून घेतला, तेव्हा ते पणजोबांचे स्वातंत्र्यपूर्व काळातील मृत्युपत्र असल्याचे कळले. त्यात तीन मुलांबरोबर एका मुलीचे नाव होते. आई गेल्यावर धाकट्या भावांना हिनेच वाढवले, म्हणून विहिरीकडची वाडी हिला द्यावी, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. या आत्येआजीचे नाव आजच्या पिढीतील कोणीही ऐकले नव्हते. वाडी भावांच्या नावावर होती. आणि त्याच वाडीसाठी एक इमारत बांधणारा घरी खेटे घालीत होता.

कुटुंबातील थोरले बंधू तो कागद घेऊन आमच्याकडे आले. ते म्हणाले, “फादर, हा कागद तुमच्याकडेच राहू द्या. घरात ठेवला तर मुले वाचतील.” आम्ही त्यांना सांगितले की इतक्या वर्षांनी कायदा काय म्हणेल ते वकिलाला विचारा, तो आमचा प्रांत नाही. परंतु कागद आम्ही ठेवून घेणार नाही. ज्या बापाने मरताना आपल्या मुलीचे ऋण लिहून ठेवले, त्याचा शब्द चर्चच्या तिजोरीत दडवण्यासाठी नव्हे. ते रागावून निघून गेले आणि कित्येक रविवार त्यांनी आमच्याशी बोलणे टाळले.

पुढे त्यांच्याच मुलीने तो कागद वाचला. तिने स्नानसंस्काराच्या आणि विवाहाच्या नोंदवह्यांतून त्या आत्येआजीचा माग काढला. शेजारच्या धर्मग्रामात तिची नातवंडे होती. त्यांना आजीच्या माहेरचे गाव ठाऊक होते, घर ठाऊक नव्हते. ‘आजी माहेरचे नाव काढले की गप्प होई,’ एवढीच त्यांची आठवण. सुवर्णमहोत्सवाच्या मिस्सेला ती मंडळी आली. थोरल्या बंधूंनी त्यांना पहिल्या बाकावर बसवले. वाडीविषयी त्यांच्यात काय ठरले, ते आम्ही विचारले नाही आणि येथे सांगण्याचा आम्हांस अधिकारही नाही. वंशवृक्षात मात्र तिचे नाव आहे, आणि त्या नावाखाली पुढची फांदीही आहे.

अशा वेळी आम्हांस सलाफहादाच्या पाच मुली आठवतात. बाप वारला, भाऊ नाही. म्हणून त्या मोशेपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी वडिलांच्या वतनात वाटा मागितला. परमेश्वराने त्यांचे म्हणणे रास्त ठरवले. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा ही पाचही नावे आजवर वाचली जातात, कारण त्यांनी वारसा मागितला आणि तो लिहिला गेला. आपल्या मुलींनाही कायद्याने हा न्याय फार पूर्वी दिला आहे. १८६५ च्या आणि पुढे १९२५ च्या वारसा कायद्यात, मृत्युपत्र न करता वारलेल्या ख्रिस्ती माणसाच्या मालमत्तेत मुलगा आणि मुलगी यांचा वाटा समान आहे. कायदा समान असताना वंशवृक्ष एकेरी का, याचा विचार प्रत्येक घराने करावा.

मृत्युपत्र वाचताना सावधगिरी मात्र हवी. ज्याला काही दिले नाही तो नावडता होता, असे लगेच समजू नये. कदाचित त्याला शिक्षणासाठी किंवा लग्नात आधीच दिले असेल. जे लिहिले ते प्रत्यक्षात घडलेच, असेही धरून चालू नये. म्हणून मृत्युपत्राशेजारी फेरफार ठेवावा आणि दोहोंशेजारी चर्चची नोंद. तीन कागद एकमेकांशी बोलू लागले की खरे काय ते हळूहळू कळते. आणि पूर्वजांची एखादी चूक उघड झाली, तर तिचा डंका पिटू नये, तिच्यावर पांघरूणही घालू नये. ती आपल्या हातून दुरुस्त होण्याजोगी असेल तर दुरुस्त करावी.

वाचकहो, जुनी घरे पडत आहेत आणि त्यांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत. सामान हलवताना पेट्यांतील पिवळे कागद रद्दीत जातात किंवा अंगणात जाळले जातात. आमची एवढीच विनंती आहे की जाळण्यापूर्वी ते कोणाकडून तरी वाचून घ्या. मोडी वाचणारे अजून आहेत, पोर्तुगीज जाणणारेही आहेत. कागद घडीवर फाटत असेल तर त्याला चिकटपट्टी लावू नका. सपाट करून कोरड्या जागी ठेवा आणि त्याचे छायाचित्र प्रत्येक भावंडाला द्या, लग्न होऊन गेलेल्या बहिणीलाही. आणि स्वतःचे मृत्युपत्र लिहिण्याची वेळ येईल तेव्हा वाडी-घराच्या तपशिलाआधी दोन ओळी माणसांसाठी लिहा: कोणी तुम्हांला वाढवले, कोणाचे देणे राहिले, कोणाची क्षमा मागायची आहे. त्या ओळींनी जमिनीची वाटणी बदलणार नाही. परंतु पन्नास वर्षांनी कोणी पेटी उघडली, तर त्याच्या चिठ्ठीत एक नाव अधिक येईल.