ब्राह्मणपुरीची आखाजी आणि घरची शाळा

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी शहाद्याच्या एस. टी. स्टँडवर उतरलो तेव्हा ऊन मी म्हणत होते. स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. जिकडे पाहावे तिकडे माहेरवाशिणी. कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या हातात कापडाने तोंड बांधलेली करंडी. सुरतेहून आलेल्या, नाशिकहून आलेल्या. अक्षय्यतृतीयेला आम्ही खानदेशात आखाजी म्हणतो आणि लेकीबाळींच्या दृष्टीने तिचे मोल दिवाळीइतकेच. घाटावरच्या वाचकांना कदाचित नवल वाटेल, पण वैशाखाच्या त्या भाजत्या उन्हात आमच्याकडे सणांचा सण असतो.

ब्राह्मणपुरीला माझी मावशी राहते. गाव शहादा तालुक्यातले, सातपुड्याच्या दक्षिणेच्या सपाटीवरचे. काळी कसदार जमीन, विहिरी-बोअरचे पाणी, त्यामुळे केळी, पपई, ऊस, कापूस असा सगळा संसार. उत्तरेला मान वर केली की डोंगराची निळी रेघ दिसते. तालुक्यात गुजर आहेत, पाटील आहेत, भिल्ल आणि पावरा आहेत. घराघराची बोली वेगळी. बाजारात मात्र सगळे एकमेकांचे समजून घेतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीचे यजमान, ज्यांना सगळे गाव आप्पा म्हणते, अंगणात मातीची चार ढेकळे मांडत होते. शेजारी सात-आठ वर्षांचा नातू उकिडवा बसलेला. आप्पांनी एकेका ढेकळावर बोट ठेवून विचारले, "हा कोणता महिना?" नातवाने आषाढापासून सुरुवात करून श्रावण, भाद्रपद, आश्विन सांगितले. मग ढेकळांवर पाण्याने भरलेली घागर ठेवली, घागरीवर डांगर (म्हणजे खरबूज) आणि दोन आंबे. घागर पाझरली की कोणते ढेकूळ किती भिजले यावरून त्या महिन्याच्या पावसाचा अंदाज बांधायचा. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर होते आणि तिथल्या भाकिताच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात.

आता ढेकळाच्या सांगण्यावरून पाऊस पडतो असे मी म्हणणार नाही. आप्पाही तसे मानत नाहीत. पेरणीच्या आधी ते हवामान खात्याचा अंदाज मोबाइलवर पाहतात. पण त्या पोराला पावसाळ्याचे चार महिने आणि कोणत्या महिन्यात कोणते काम, हे कोणत्याही पाठाशिवाय आले. वर ज्या पूर्वजांच्या नावाने घागर भरली त्यांची नावेही आली. पणजोबांनी विहीर कशी खणली ती हकिकत त्याच्या तोंडून मी ऐकली. एका घागरीत इतिहास, शेती आणि पंचांग.

मागच्या बाजूला लिंबाच्या झाडाला झोका बांधला होता. कडुलिंबाच्या सावलीत पोरी, सुना, लेकी आणि गौराईची गाणी. गौराई म्हणजे पार्वती, पण गाण्यात ती आपल्यासारखीच माहेरवाशीण असते. तिला माहेराची ओढ असते, सासरचा जाच असतो, आणि न्यायला आलेल्या शंकराबरोबर जायचे की नाही याचा विचार तीही करते. मावशीची एक नात सुरतेला इंग्रजी शाळेत शिकते. सकाळी ती बाजूला मोबाइल घेऊन बसली होती. गाण्याचा अर्थच कळत नाही म्हणाली. दुपारपर्यंत ती झोक्यावर होती, आणि संध्याकाळी तिने एक ओळ चुकवली तेव्हा पंचाहत्तरीच्या आजीने झोका थांबवून तिच्याकडून ती पुन्हा म्हणवून घेतली. शाळेतल्या बाईंनी थांबवले असते तर पोर रुसली असती. इथे हसली.

सासूविरुद्धचे जे तोंडावर बोलता येत नाही ते सासूच्या देखत गाण्यात म्हणता येते, हे त्या पोरीला आखाजीनेच शिकवले. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी त्यांच्या पश्चात १९५२ साली पुस्तकरूपाने आली आणि महाराष्ट्र थक्क झाला. मला वाटते, त्यांची शाळा जात्यावर, शेतात आणि अशाच झोक्यांवर भरली होती.

संध्याकाळी ओट्यावर एक भिल्ल जोडपे आले. बरोबर नऊ वर्षांचा मुलगा. आखाजीला आमच्याकडे सालदाराचे साल संपते आणि नवे ठरते, त्यासाठी ते आले होते. दिवाळीनंतर ही माणसे गुजरातेत बारडोलीकडे ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. मुलगाही पाठोपाठ जातो. तिसरीचे अर्धे वर्ष त्याचे फडातच गेले. बापाचे म्हणणे एवढेच, की आप्पांनी सालाने ठेवले तर गाव सोडावे लागणार नाही आणि पोराची शाळा बुडणार नाही.

मुलगा शाळेत बोलत नाही, असे आई म्हणाली. गुरुजी म्हणतात डोके चालत नाही. मी त्याला जवळ बोलावले, तो आला नाही. मग आप्पांचा नातू त्याला घेऊन बांधाकडे निघाला आणि मीही मागोमाग गेलो. बांधावर पोराला वाचा फुटली! कोणते पान शेळी खाते, कोणते नाही, कोणत्या पाखराचे घरटे कुठे, विंचू कोणत्या दगडाखाली असणार, सगळे भिलोरीत. नातू मला मराठीत सांगत होता. मराठीत मुका असलेला मुलगा आपल्या बोलीत पंडित निघाला.

वाचकहो, इथे मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी तरुणपणी मास्तर होतो. तेव्हा हा सारा मुलूख धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. पहिलीतल्या एका पोराला मी आईचे चित्र दाखवून विचारले, ही कोण? तो म्हणाला, "याहा." त्याच्या बोलीत याहा म्हणजे आई. देवमोगऱ्याच्या याहा मोगीला लाखो माणसे त्याच नावाने हाक मारतात. मी पाटीवर फुली मारली. पोरगे त्यानंतर आठवडाभर शाळेत फिरकले नाही आणि मी हजेरीपत्रकात गैरहजर लिहीत राहिलो. ती फुली माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

पुढे वाचनात एक हकिकत आली. रशियात व्होल्गा नदीकाठी चुवाश नावाचे लोक आहेत, शेती करणारे, भाषा तुर्की कुळातली. त्यांच्यात इव्हान याकोव्लेव्ह (१८४८–१९३०) हा पोरका मुलगा एका शेतकऱ्याच्या घरी वाढला, शिकला, आणि १८६८ साली सिम्बिर्स्क गावी त्याने चुवाश मुलांसाठी शाळा काढली. पुढे १८७० च्या दशकाच्या आरंभी आपल्या भाषेसाठी नवी अक्षरे बसवून बाराखडीचे पुस्तक केले. मुलाने आधी आईच्या भाषेत वाचायला शिकावे, मग रशियन, असा त्याचा क्रम. लेनिनचे वडील तिथे शाळा तपासनीस होते, त्यांनी त्याला हात दिला. त्याच समाजातले गेन्नादी व्होल्कोव्ह (१९२७–२०१०) यांनी तर जन्मभर हेच अभ्यासले, की गाणी, कोडी, म्हणी, सण आणि कामधंदा यांतून अडाणी म्हटलेले आईबाप मुले कशी घडवतात. या विषयाला त्यांनी शास्त्राचा मान मिळवून दिला.

त्या चुवाशांत 'निमे' नावाची चाल आहे. एखाद्याचे घर बांधायचे, पीक काढायचे, तर गाव मजुरी न घेता हातभार लावतो. हे वाचून मला आपली 'लाह' आठवली. सातपुड्यात पावरा-भिल्ल वस्त्यांवर आजही लाह बोलावतात. निंदणी असो की घर शाकारणे, घरटी माणूस येतो, घरधनी जेवू घालतो, आणि उद्या त्याच्याकडे काम निघाले की आपण जायचे. पोरेसोरे पाणी द्यायला, काड्या उचलायला हजर असतात. कुणाचे देणे कुणाकडे आहे हे त्यांना वहीत न लिहिता कळते.

होळीचेही तसेच. धडगाव, मोलगी, काठीकडची होळी पाहायला आता शहरातून गाड्या भरून माणसे जातात, मोरपिसांचे टोप आणि घुंगरांचे फोटो काढतात. पण नवस फेडणाऱ्याने काही दिवस खाटेवर झोपायचे नाही, पायांत वहाणा घालायच्या नाहीत, असे कडक पालन असते. ते पालन बापाने पाळलेले मुलगा घरी रोज पाहतो. फोटोत ते येत नाही.

परंपरेत सगळे सोनेच आहे असे मात्र नाही. डाकीण ठरवून बाईला छळणे, कोवळ्या वयात लग्ने, दारू, हेही पिढ्यान् पिढ्या चालत आले. त्याची झाडणी याच लोकांनी केली. तळोदा तालुक्यात मोरवडच्या गुलाम महाराजांनी १९३८ च्या सुमारास लोकांना दारू सोडायला लावली, स्वच्छ राहायला सांगितले, एकमेकांना 'आप' म्हणून मान द्यायला शिकवले. त्यांच्यामागे हजारो माणसे गेली. नर्मदाकाठी १९९० नंतर निघालेल्या जीवनशाळांनी पोरांना त्यांच्या बोलीतून धडे द्यायला सुरुवात केली, तेही याच डोंगरात. म्हणजे रस्ता कुणी दाखवलाच नाही असे नाही. सपाटीवरच्या माझ्यासारख्या मास्तरांनी तिकडे पाहिले नाही.

रात्री ओट्यावर पुन्हा बैठक झाली. आप्पांचे म्हणणे, ट्रॅक्टर आल्यापासून सालदार परवडत नाही. उक्ते काम देईन, पण वर्षाचा शब्द कसा देऊ? त्यांचेही खोटे नव्हते. केळीचा भाव पडला तेव्हा त्यांचे काय झाले ते मी पाहिले आहे. बाप बोटे मोडत बसला. ऊसतोडीची उचल घेतली तर हातात एकदम रक्कम येते, सालाने ती येत नाही, आणि पोरीचे लग्न पुढ्यात आहे. शेवटी मावशी आतून म्हणाली, "माणसं जायची तर जाऊ द्या. पोराची आजी गावात आहे ना? दोन्ही वेळची भाकर माझ्याकडून." आजीचे डोळे गेलेले, तिला सांभाळायलाच कुणीतरी हवे, असे आई हळूच म्हणाली. मग कोणी काही बोलेना. आप्पांनी आठ दिवसांनी सांगतो म्हटले.

सकाळी गाडीला अवकाश होता. मुलगा फाट्यावर आला. नातू बरोबर नव्हता, तरी आला. मी झाडाकडे बोट दाखवले, त्याने नाव सांगितले. मी पिशवीतली वही काढून ते देवनागरीत लिहिले आणि वाचून दाखवले. त्याने मान हलवली, पुन्हा सांगितले. मी चुकलो होतो. तिसऱ्या खेपेला त्याला पटले. गाडी येईपर्यंत अकरा नावे झाली.

आप्पांचा फोन अजून यायचा आहे.