पट्टा आणि दांडा

खेळण्यावरून भांडण्याचे आमचे वय राहिलेले नाही. तथापि गेल्या हिवाळ्यात आम्ही आमच्या सतरा वर्षांच्या पुतण्याशी एका खेळण्यावरून ओळीने तीन रविवार भांडलो, आणि तिन्ही वेळां आपली बाजू शुद्ध शास्त्राची आहे असा आमचा दृढ समज होता.

खेळणे म्हणजे हातभर लांबीची, बिनतारी लहरींनी दुरून हाकावयाची मोटार. हिला बग्गी म्हणतात. घोड्याच्या बग्गीशी हिचे साम्य एवढेच की, दोघींनाही खाचखळग्यांची भीती नसते. दुरून वाहन हाकण्याची युक्ती काही आजची नव्हे. निकोला टेस्ला याने 1898 साली न्यूयॉर्क येथे पाण्याच्या हौदात एक लहानशी नाव अशीच फिरवून दाखविली होती. आमच्या घरात ही विद्या आणली ती आमच्या वडील बंधूंनी. सुटे भाग मागवून त्यांनी ही गाडी रात्री जागून जोडली, आणि मुळशी तालुक्यात पौडच्या अलीकडे त्यांनी जे लहानसे घर बांधले, त्याच्यापुढील भातखाचरांत ती पळविली. मार्गशीर्षापर्यंत आंबेमोहोर कापून नेला म्हणजे ही खाचरे वाळून टणक होतात, आणि त्यांचे बांध अशा गाडीला उड्या मारण्यास फार सोयीचे पडतात. तीन वर्षांपूर्वी दादा गेले. तेव्हापासून गाडी पुतण्याकडे आहे.

तिची रचना येथे थोडक्यात सांगितली पाहिजे. चारही चाकांना गती मिळावी म्हणून मध्यभागी आडव्या बसविलेल्या मोटरीपासून दातेरी रबरी पट्टे निघतात, एक पुढच्या आसाकडे व एक मागच्या आसाकडे. पट्टा वजनाला हलका, आवाजाला मऊ, आणि मोटरीची शक्ती फारशी वाटेत गमावीत नाही. पट्ट्याची गाडी म्हणजे कमअस्सल असे कोणी समजू नये. 1987 साली इंग्लंडात झालेल्या जागतिक शर्यतीत मासामी हिरोसाका या जपानी मुलाने चारचाकी गतीच्या बग्ग्यांचे अजिंक्यपद मिळविले, ते शूमाकर कंपनीच्या पट्ट्याच्याच गाडीवर. परंतु त्या शर्यतीच्या मार्गावर मुळशीची धसकटे नसावीत! आमच्या खाचरात मुरुमाची कच आणि भाताची काडी पट्टा व पुली यांच्यामध्ये शिरते, पट्टा दात चुकवितो, कर्रकर्र असा जीव घेणारा आवाज होतो, आणि गाडी बांधाच्या पायथ्याशी अडून बसते.

पुतण्याने ठरविले की, पट्टे काढून टाकावयाचे व त्यांच्या जागी गाडीच्या लांबीइतका पोलादी दांडा घालावयाचा. दांड्याच्या दोन्ही टोकांस तिरप्या दातांची लहान चक्रे, ती आसांवरील मोठ्या चक्रांत गुंतलेली, आणि हे सर्व बंद डबीत ग्रीसमध्ये बुडालेले. कच शिरावयास फटच नाही.

आम्ही विरोध केला. आमचा आधार होता पेठेतील पिठाच्या गिरणीचा. लहानपणी दळणाचे डबे घेऊन दादा आणि आम्ही तेथे जात असू, आणि आपला नंबर येईपर्यंत फटफट वाजणाऱ्या त्या लांब पट्ट्याकडे पाहत बसत असू. पट्टा घसरू लागला की गिरणीवाला त्यावर राळ चोळी. धान्यातून एखादा खिळा वा खडा गेला आणि जाते अडले, तर पट्टा खाडकन उतरे. गिरणीवाला शांतपणे बटण बंद करून खडा काढी व पट्टा पुन्हा चढवी. जाते शाबूत, मोटर शाबूत. शेजारच्या मिरची-कांडपाच्या यंत्राचा पट्टा मध्येच पीळ देऊन चढविलेला असे, तो का, असे दादांनी एकदा विचारले, आणि पीळ दिला की चाक उलटे फिरते हे ज्ञान आम्हां दोघांस त्या पिठाच्या धुराळ्यात झाले. सारांश, पट्टा वेळेला माघार घेतो म्हणून यंत्र वाचते. दांड्याला माघार ठाऊक नाही, तो स्वतः मोडेल किंवा दुसऱ्याला मोडील. हे सर्व आम्ही पुतण्यास पहिल्या रविवारी सुनावले.

दुसऱ्या रविवारी त्याने उत्तर आणले. म्हणाला, "काका, आपल्या वरच्या धरणाचे पाणी बोगद्यातून सह्याद्री उतरून कोकणात भिऱ्याला ज्या चक्रावर पडते, ते चक्र आणि विजेचे यंत्र एकाच दांड्याने जोडलेले आहे. मध्ये पट्टा कुठे आहे?" हे खरेच होते. मग आम्ही म्हणालो की, या तालुक्यात धरणाचे नाव दाखला म्हणून घेऊ नये. 1921 पासून सेनापती बापटांबरोबर येथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला, तुरुंग भोगले, आणि तरीही त्यांची भाताची जमीन पाण्याखाली गेली ती गेलीच. या मुद्द्याचा पट्ट्याशी काय संबंध, असे त्याने विचारले नाही. हरू लागलेला मनुष्य इतिहासाचा आश्रय करतो, हे मुलांना लवकर कळते.

तिसऱ्या रविवारी मात्र आमचा तोल गेला. आम्ही म्हणालो, "तुझ्या बाबांनी स्वतःच्या हातांनी चढविलेले पट्टे तू कचऱ्यात टाकणार, एवढेच खरे!"

तो ओसरीवर बसून गाडीची चाके पुशीत होता. मान वर न करता म्हणाला, "हे पट्टे बाबांचे नाहीत, काका. बाबा दर हंगामाला बदलत असत. ते गेल्यावर मी दोनदा बदलले. हे तर दिवाळीत चढवलेत."

वहिनी आतून चहा घेऊन येत होत्या. त्यांनी आमच्या तोंडाकडे पाहिले आणि कप खाली ठेवून काही न बोलता परत गेल्या. तीन वर्षे आम्ही ज्या वस्तूकडे भक्तिभावाने पाहत होतो, ती एका मुलाने बाजारातून मागविलेली, दोन महिन्यांची होती.

"मग बाबांचे यात काय आहे?" असे आम्ही विचारले.

त्याने गाडी उलटी केली. तळाच्या पत्र्यावर चिकटपट्टीचा एक तुकडा होता, आणि त्यावर दादांच्या किरट्या अक्षरांत: 90/20, पट्टा 2, एकूण 9.

हा आकडा असा. मोटरीवरील चक्राला वीस दात, त्यातील मोठ्या चक्राला नव्वद. म्हणजे साडेचार फेऱ्यांस एक. पुढे पट्ट्याच्या पुल्यांत दोनास एक. गुणाकार नऊ. मोटरीच्या नऊ फेऱ्यांत चाकाची एक फेरी, या बेताने दादांनी गाडी त्या खाचरांस जुळविली होती. आता नव्या तिरप्या चक्रांत दात तेरा आणि एकोणचाळीस. म्हणजे तिनास एक. तशीच बसविली असती तर गुणाकार साडेतेरा होऊन गाडी बैलगाडीसारखी चालली असती. नऊच राखावयाचे तर मोटरीवर वीसाऐवजी तीस दातांचे चक्र हवे. हे गणित पुतण्याच्या फोनमध्ये आधीच होऊन बसले होते; आम्ही ते ओसरीवर वर्तमानपत्राच्या कडेला पुन्हा केले, आणि उत्तर जमल्यावर दादांच्या ओळीखाली लिहिले: 90/30, दांडा 3, एकूण 9. विरोध तेथे संपला.

दांडा पिरंगुटच्या एका लेथवाल्याकडून ओढून आणला. मोटर आडवी होती ती लांबीत बसवावी लागली, त्यासाठी नवा पत्रा कापला, भोके पाडली, त्यांतील दोन चुकली. या कामात आमचा वाटा विजेरी धरण्याचा होता. सर्व जुळल्यावर गाडी विटेवर ठेवून कळ दाबली, चाके झकास फिरली; जमिनीवर ठेवली तर जागच्या जागी थरथरू लागली. पाहतो तो पुढची चाके पुढे जाऊ पाहतात आणि मागची मागे! एकाच दांड्याच्या दोन टोकांना दोन आस. दोन्हीकडची मोठी चक्रे एकाच बाजूस बसविली तर आस परस्परविरुद्ध फिरणारच. एक डावीकडे हवे, एक उजवीकडे. गिरणीवाल्याने पट्ट्याला पीळ देऊन भागविले असते; येथे पुढची डबी सगळी उसकावी लागली. त्या संध्याकाळी पुतण्या हसला तसा आम्ही त्याला पुष्कळ दिवसांत हसताना पाहिले नव्हते.

पुढल्या रविवारी गाडी खाचरात सोडली. कच नाही, काडी नाही, करकर नाही. आवाज मात्र पालटला होता. पट्ट्याच्या सुसकाऱ्याऐवजी बारीक घुंई असा स्वर. वहिनी पडवीतून म्हणाल्या, "भावजी, ही ती गाडी वाटत नाही हो." तिसऱ्या फेरीत गाडी बांध चुकून धसकटांच्या दाट ओळीत शिरली, चाक अडले, आणि कट् असा एकच आवाज आला. डबी उघडली तेव्हा पुढच्या मोठ्या चक्राचे तीन दात ग्रीसमध्ये पडलेले होते.

आम्ही काही बोललो नाही. बोलण्यासारखे आमच्याजवळ पुष्कळ होते. पहिल्या रविवारचे गिरणीचे व्याख्यान तर अक्षरशः सिद्ध झाले होते. पुतण्याच बोलला, "पट्टा असता तर दात चुकवून सुटला असता, नाही?" आणि थोड्या वेळाने, "दांड्याला माघार शिकवायला पाहिजे."

तशी सोय असते, असे त्याने दाखविले. नव्वद दातांचे चक्र दांड्यावर घट्ट न बसविता दोन चकत्यांमध्ये स्प्रिंगने दाबून धरावयाचे. धक्का बसला की ते चकत्यांमध्ये घसरते व दात वाचतात. किती दाबावयाचे ते मळसूत्रावर. फार सैल केले तर गाडी हलत नाही, फार आवळले तर चकत्या असून नसल्यासारख्या. सुटताना हातभर अंतर चर्र असा आवाज यावा व मग थांबावा, हे प्रमाण. ते कागदावर काढता येत नाही, कानाने काढावे लागते. चकत्या व नवे चक्र आल्यावर आम्ही दोघे खाचरात उतरलो. तो पाव फेरा आवळी आणि गाडी सोडी. आम्ही बांधावर उकिडवे बसून कान देत होतो. पाच वेळां सैल झाले, दोनदा जास्त. अंधार पडू लागला, वहिनींनी पडवीतला दिवा लावून हाक मारली.

"अजून एकदा," पुतण्या म्हणाला.

आम्ही विजेरी धरली.