अर्ध्या तासाचा हिशोब

उत्तर-पश्चिम लंडनमध्ये पिनरहून गोल्डर्स ग्रीनकडे जाणाऱ्या १८३ नंबरच्या बसमध्ये सकाळी सातच्या आधीच काही बायका चढतात. अंगात गडद रंगाचा ट्युनिक, गळ्यात ओळखपत्र आणि मोबाइलवर दिवसभराच्या घरांची यादी. कुणी घानाची, कुणी केरळची, कुणी रोमानियाची. या बसच्या वाटेवरच्या हॅरो, केंटन, किंग्जबरी भागात साठ-सत्तरच्या दशकात येऊन स्थिरावलेली मराठी माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. मुलं बर्मिंगहॅमला, नाहीतर कॅलिफोर्नियात. मग सकाळी आंघोळ घालायला, गोळ्या द्यायला, सुजलेल्या पायांवर घट्ट मोजे चढवायला या बायकांपैकीच कुणीतरी येतं. दाराशेजारच्या भिंतीवर आकड्यांचं कुलूप असलेली छोटी पेटी असते, तिच्यात घराची किल्ली. केअरर आकडे दाबते, किल्ली काढते आणि आत येते. आईच्या घराची किल्ली जिच्या हाती द्यायची, ती माणसं पाठवणारी एजन्सी कशी आहे, हे ठरवायचं कसं?

इंग्लंडमध्ये याचं सरकारी उत्तर तयार आहे. २००९ पासून काम करणारं केअर क्वालिटी कमिशन, म्हणजे सीक्यूसी, रुग्णालयांपासून होम केअर एजन्सींपर्यंत सगळ्यांची तपासणी करतं. पाच प्रश्न विचारले जातात : सेवा सुरक्षित आहे का, उपयोगी पडते का, मायेने दिली जाते का, माणसाच्या गरजेप्रमाणे बदलते का, आणि कारभार नीट आहे का. त्यावरून उत्कृष्ट, चांगली, सुधारणा हवी आणि अपुरी अशा चार श्रेणी. एप्रिल २०१५ पासून ही श्रेणी दर्शनी भागी लावणं कायद्याने बंधनकारक आहे. बहुतेक कुटुंबं इथवर येऊन थांबतात. ‘चांगली’ असं दिसलं की फोन करतात.

इथे थांबणं धोक्याचं आहे. श्रेणी मिळते ती एजन्सीच्या नोंदणीकृत कार्यालयाला. आईच्या न्हाणीघरात उभ्या राहणाऱ्या केअररला नाही. रुग्णालयात तपासनीस वॉर्डातून फिरू शकतात, होम केअरमध्ये काम विखुरलेलं असतं आणि बंद दारांआड चालतं. तपासनीस कार्यालयातले कागद पाहतात, काही घरी फोन करतात, परवानगी मिळाली तर काही घरी जाऊन येतात. शिवाय श्रेणी कधीची आहे, हे पाहायला लोक विसरतात. डॉ. पेनी डॅश यांनी सीक्यूसीच्याच कारभाराचा आढावा घेतला. जुलै २०२४ मधल्या त्यांच्या अंतरिम अहवालात म्हटलं होतं की, सीक्यूसीला ज्यांच्या तपासणीचा अधिकार आहे अशा दर पाच ठिकाणांपैकी सुमारे एकाला कधी श्रेणीच मिळालेली नव्हती. आरोग्यमंत्री वेस स्ट्रीटिंग यांनी तेव्हा ही संस्था आपल्या कामासाठी लायक उरलेली नाही, असं उघडपणे सांगितलं. म्हणून अहवाल वाचताना आधी तारीख पाहावी. आणि अहवाल मुळात असेलच असंही नाही. अंघोळ, कपडे, जेवण भरवणं, शौचाला नेणं अशी अंगाची काळजी घेणाऱ्या एजन्सीलाच नोंदणी लागते. फक्त साफसफाई, बाजारहाट, सोबत करणाऱ्याला ती लागत नाही. कुटुंबाने स्वतः नोकरीवर ठेवलेल्या मदतनिसालाही नाही.

मग पाहायचं काय? वेळ.

समता आणि मानवी हक्क आयोगाने २०११ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडमधल्या होम केअरवर मोठा चौकशी अहवाल काढला. साक्ष देणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे आपल्या सेवेवर मनापासून खूश होते. बाकीच्या साक्षींतून जे बाहेर आलं ते मात्र वाचवत नाही. भेट इतकी तोकडी, की आज अंघोळ की जेवण, असा प्रश्न म्हाताऱ्या माणसापुढे पडायचा. त्यानंतर सप्टेंबर २०१५ मध्ये आरोग्य आणि काळजीसेवांचे निकष ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने मार्गदर्शक सूचना दिल्या. सर्वसाधारणपणे भेट अर्ध्या तासापेक्षा कमी नसावी. कमी असलीच, तर येणारी केअरर ओळखीची हवी, ती भेट मोठ्या व्यवस्थेचा भाग हवी, आणि ठरवून दिलेलं नेमकं काम त्यात उरकण्याइतका वेळ हवा. गुडघे धरलेल्या, नऊवारीतून गाऊनवर आलेल्या आजींना पलंगावरून उठवून खुर्चीत बसवायलाच दहा मिनिटं लागतात, हे ज्याने पाहिलंय त्याला या अर्ध्या तासाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

आणि हा अर्धा तास केअररच्या पगाराशी बांधलेला आहे. बऱ्याच ठिकाणी पैसे मिळतात ते घरात घालवलेल्या मिनिटांचे. एका घरून दुसऱ्या घरी जाण्याचा वेळ धरला जात नाही. उत्तर लंडनमधल्या हॅरिंगे कौन्सिलच्या कामावर असलेल्या काही केअरर युनिसन या कामगार संघटनेच्या मदतीने न्यायाधिकरणात गेल्या. प्रवासाचा आणि दोन भेटींमधल्या थांबण्याचा वेळही कामाचाच धरला पाहिजे, असा निकाल २०२० मध्ये त्यांच्या बाजूने लागला. पण निकाल लागला म्हणून सगळीकडे हिशोब बदलला असं झालेलं नाही. पावणेआठची भेट सव्वाआठला संपते आणि पुढची तीन मैलांवर सव्वाआठलाच सुरू होते, अशी यादी हातात असलेली बाई कितीही प्रेमळ असली तरी दहा मिनिटं आधी निघणारच. म्हणून एजन्सीला विचारायचा सगळ्यात मोलाचा प्रश्न हा : तुम्ही केअररना प्रवासाच्या वेळेचे पैसे देता का? मराठी घरांत हा प्रश्न विचारायला संकोच होतो, दुसऱ्याचा पगार कसा विचारायचा म्हणून. तो संकोच बाजूला ठेवायलाच हवा. त्या उत्तरात आईची अंघोळ घाईत होणार की निवांत, हे दडलेलं असतं.

दुसरा प्रश्न माणसांचा. आठवड्याला किती वेगवेगळे चेहरे घरात येणार? दिवसाला चार भेटी म्हणजे आठवड्याला अठ्ठावीस. त्या तीन-चार जणींत वाटलेल्या असतील तर आजींचा डावा खांदा दुखतो, आधी उजवा हात बाहीत घालायचा नाही, हे कुणाला पुन्हा सांगावं लागत नाही. डझनभर जणी येत असतील तर रोज नव्याने सांगावं लागतं. आणि ज्या आजी सांगू शकत नाहीत, त्यांचा खांदा रोज दुखावतो.

नोंदींकडेही नीट पाहावं. पूर्वी स्वयंपाकघरात फाइल असायची, आता बहुधा ॲप असतं आणि मुलांना ते दुरूनही पाहता येतं. केअरर किती वाजता आली, किती वाजता गेली, कोणती गोळी दिली, हे त्यात लिहिलेलं असतं. सोमवार ते रविवार ‘अंघोळ घातली, नाश्ता दिला, सर्व ठीक’ हेच वाक्य उतरलेलं दिसलं तर शंका घ्यावी. ‘आज अर्धीच पोळी खाल्ली, टाचेवर लाल डाग दिसला, ऑफिसला कळवलं’ अशी नोंद लिहिणारी केअरर मिळाली, तर तिला धरून ठेवावं. टाचेवरचा लाल डाग ही सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची सुरुवात असू शकते. ती वेळेवर पाहिली गेली तर पुढचे कित्येक महिने वाचतात.

मराठी म्हाताऱ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. स्मृतिभ्रंश झालेली माणसं पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी हरवतात आणि बालपणीच्या भाषेकडे परत जातात. चाळीस वर्षं एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, इंग्रजीतून नोकरी केलेल्या बाई एक दिवस केअररशी फक्त मराठी बोलू लागतात. हॅरोत गुजराती बोलणारी केअरर मिळू शकते, मराठी बोलणारी क्वचितच. अशा वेळी अल्झायमर्स सोसायटीचं ‘धिस इज मी’ हे पत्रक उपयोगी पडतं. माणूस कोण आहे, त्याला काय आवडतं, कशाने तो अस्वस्थ होतो, हे त्यात घरच्यांनी भरायचं असतं. ते मोघम भरू नये. ‘हलका शाकाहारी आहार’ असं लिहिलं की ताटात टोस्ट येतो. भात मऊ आणि गरम हवा, वर वरण आणि तूप, हाताने जेवतात, काटा-चमचा देऊ नये. अंघोळीला बादली आणि तांब्या, शॉवर डोक्यावर सोडला की घाबरतात. ‘शू’, ‘पाणी’, ‘दुखतंय’ हे शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून फ्रिजवर लावावेत. हे वाचून त्याप्रमाणे वागणारी एजन्सी चांगली. पत्रक फाइलला लावून विसरणारी नव्हे, मग श्रेणी काहीही असो.

त्या २०११ च्या अहवालात असंही नोंदलं होतं की म्हातारी माणसं तक्रार करायला कचरतात. केअररची नोकरी जाईल, किंवा आपल्यावरच राग निघेल, अशी भीती त्यांना वाटते. आपल्याकडच्या आजी-आजोबांत ही भीड दुप्पट. मुलाने फोनवर विचारलं की ‘बरं चाललंय रे’, एवढंच. म्हणून प्रश्न वेगळा विचारावा : आज कोण आली होती? किती वाजता? नाश्ता बसून केलास की घाईत? तक्रार करायचीच वेळ आली तर ती आधी एजन्सीकडे लेखी द्यावी. समाधान झालं नाही तर स्थानिक शासन आणि सामाजिक सेवांचा लोकपाल आहे, आणि स्वतःच्या पैशाने सेवा घेणाऱ्यांनाही त्याच्याकडे जाता येतं. सीक्यूसी एकट्या-दुकट्या घराचा तंटा सोडवत नाही, पण माहिती घेतं, आणि ती द्यावी.

पैशाची बाजू थोडक्यात. गरजेची पाहणी कौन्सिलने करायची, हा २०१४ च्या केअर कायद्याने दिलेला हक्क आहे आणि बचत कितीही असली तरी तो मिळतो. इंग्लंडमध्ये २३,२५० पौंडांपेक्षा जास्त बचत असेल तर खर्च स्वतःचा. पण घरी राहून सेवा घेताना राहत्या घराची किंमत त्यात धरत नाहीत. घर विकावं लागेल या भीतीने कितीतरी जण कौन्सिलला फोनच करत नाहीत, आणि सुनेच्या पाठीवर सगळा भार पडतो.

सध्या माणसंच कमी पडताहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी केअररना व्हिसा खुला झाला, मार्च २०२४ पासून त्यांना नवरा-मुलं सोबत आणायला बंदी आली, आणि जुलै २०२५ मध्ये बाहेरून नवी भरती बंदच झाली. एजन्सी निवडताना आता हेही विचारावं लागतं : तुमच्या किती केअरर वर्षभरापेक्षा जास्त टिकल्या आहेत?

हॅरोतल्या या म्हाताऱ्यांची मुलं रात्री दुसरा फोन लावतात तो पुण्याला किंवा ठाण्याला, सासूबाईंकडे ‘ब्युरोची बाई’ लावलेली असते म्हणून. तिथे सीक्यूसीसारखी घरोघरच्या सेवेला श्रेणी देणारी संस्था नाही. पण विचारायचे प्रश्न जवळपास तेच आहेत. तीच बाई रोज येणार का? ती सुट्टीवर गेली तर बदली कोण, आणि तिला आजींच्या गोळ्या ठाऊक आहेत का? आपण ब्युरोला देतो त्यातलं बाईच्या हातात किती पडतं? बारा तासांच्या पाळीत तिच्या जेवणाचं आणि टेकायचं काय? आणि रात्री आठला पाळी संपल्यावर ती घरी कशी जाते?