बोलणाऱ्यांची नावं

ऑफ तास सुरू झाला की मॉनिटर खडू घेऊन उठतो आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहितो, ‘बोलणाऱ्यांची नावं’. आपल्याकडच्या बहुतेक हायस्कुलांत हा मथळा सापडेल. पुन्हा बोललं की नावापुढे फुली, आणखी बोललं की नावाभोवती गोल. तास संपत आला की वाटाघाटी सुरू होतात. माझं नाव पूस, मधल्या सुट्टीत वडापाव देतो. या तासात वर्ग नेमकं काय शिकतो? शांत बसायला तर नाहीच. मित्राची चुगली करणं म्हणजे जबाबदारी, आणि जबाबदारी मिळाली की तिची किंमत वसूल करता येते, एवढं मात्र तो पक्कं शिकतो.

मी हायस्कुलात मराठी शिकवतो. आमच्याकडे गणिताच्या एक बाई आहेत, नववी ‘ड’च्या वर्गशिक्षिका. मार्कांप्रमाणे तुकड्या पाडल्या की ‘ड’ म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. त्या वर्गात पाऊल टाकण्याआधीच आपला आवाज चढलेला असतो. बाईंनी पहिल्यांदा ती यादी बंद केली. ऑफ तास असेल तेव्हा त्या फळ्यावर दोन गणितं देऊन ठेवतात. ज्याला सुटलं त्यानं शेजारच्याला समजावून द्यायचं. आवाज होतो, चांगला मोठा होतो. पर्यवेक्षक एकदा दारात येऊन उभे राहिले, पाच मिनिटं ऐकलं आणि काही न बोलता पुढे गेले.

याच वर्गात एका मुलानं शेजाऱ्याच्या कानफटात मारली. गेल्या काही वर्षांत अशा मुलाला आम्ही सहसा तीनपैकी एक गोष्ट सांगत आलो आहोत: वर्गाबाहेर उभा राहा, मुख्याध्यापकांकडे चल, नाहीतर उद्या वडिलांना घेऊन ये. बाई एवढंच म्हणाल्या, “तास संपला की थांब.” मग व्हरांड्यात, पाण्याच्या टाकीजवळ, त्याच्यासमोर न उभं राहता त्याच्या शेजारी कठड्याला टेकून त्यांनी विचारलं, “काय झालं रे?” आणि त्या थांबल्या. हे थांबणं फार अवघड असतं. आम्हा शिक्षकांना प्रश्न विचारून उत्तरही आपणच द्यायची सवय. बऱ्याच वेळानं मुलगा बोलला. पहाटे चारला उठून तो धारा काढतो, डेअरीला दूध घालून शाळेत येतो, पहिल्या तासाला डोळा लागतो. शेजाऱ्यानं झोपेत त्याच्या कानात कागदाची सुरळी घातली होती. बाईंनी दुसऱ्यालाही बोलावलं. हात उचलला ते चूकच, हे स्पष्ट सांगितलं आणि मग विचारलं, “आता हे निस्तरायचं कसं, ते तुम्ही सांगा.” मारणाऱ्यानं माफी मागितली. दुसऱ्यानं पहिल्या तासाची वही रोज त्याला द्यायचं कबूल केलं आणि वर्षभर दिली. पहाटे उठण्याचा प्रश्न त्यामुळे सुटला नाही, तो शाळेच्या हातातही नव्हता. पण त्या मुलाचा हात नंतर वर्गात कुणावर उठला नाही.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १७ व्या कलमानं शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली. कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. नववी-दहावीतली बरीच मुलं त्या वयाच्या पुढे गेलेली असतात. तरीही छडी बहुतेक ठिकाणी कपाटात गेली. जीभ मात्र राहिली. ‘तुझ्याच्यानं काय होणार’, ‘तुझ्या बहिणीकडे बघ, आणि तू’, ‘घरी हेच शिकवलं का’ ही वाक्यं शिक्षकखोलीत कुणाला छळ वाटत नाहीत. पंधरा वर्षांच्या मुलाला ती तीस वर्षांनंतरही शब्दशः आठवतात. शाळेच्या स्नेहमेळाव्याला आलेली पोक्त माणसं छडीच्या आठवणी हसत सांगतात. अशी वाक्यं मात्र सहसा कुणी हसून सांगत नाही.

याहून खोल जाणारी एक गोष्ट आपण इतक्या सहज करतो की ती दिसतही नाही. शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की भर वर्गात हाक दिली जाते: “एस.सी.वाले उभे राहा. एन.टी.चे किती? दाखले कुणी आणले नाहीत?” हेतू वाईट नसतो, फॉर्मची मुदत संपत आलेली असते. पण उभं राहणाऱ्या मुलीचा चेहरा बघावा. सावित्रीबाई फुल्यांच्या नावाची शिष्यवृत्ती तिला मिळणार असते आणि ती घ्यायला तिला सगळ्यांसमोर जात सांगून उभं राहावं लागतं. त्यानंतर मूल्यशिक्षणाच्या तासाला समतेवर आम्ही काय बोलणार? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह काढलं, तिथं वेगवेगळ्या जातींची मुलं एका पंगतीला जेवत. त्या काळात ते केवढं मोठं धाडस होतं! आपल्याला तर फक्त फॉर्म एकेकाला जवळ बोलावून द्यायचे आहेत. आमच्या शाळेत आता ते कार्यालयाच्या खिडकीतून मिळतात, सगळ्यांसाठीच्या इतर कागदांबरोबर. वेळ थोडा जास्त लागतो, एवढंच.

मुलांच्या वागण्याचं कौतुक करावं, यावर आता सगळ्यांचं एकमत आहे. त्यासाठी ‘आदर्श विद्यार्थी’ पुरस्कार ठेवतात. मला तो पटत नाही. चांगुलपणात पहिला नंबर काढला की उरलेल्या वर्गाला त्यातून सुट्टी मिळते. कौतुक ताबडतोब, नेमकं आणि हळू आवाजात व्हावं. “काल तू तिला लॅबमध्ये जागा करून दिलीस, मी पाहिलं,” एवढं पुरतं.

बालभारतीच्या पुस्तकांत सुरुवातीलाच असते ती प्रतिज्ञा पैडिमरी वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये तेलुगूत लिहिली. वडीलधाऱ्यांचा मान ठेवायचा आणि प्रत्येकाशी सौजन्यानं वागायचं, असं तिच्यात आहे. पहिल्या अर्ध्या भागाची परीक्षा आपण रोज घेतो. दुसऱ्या भागातल्या ‘प्रत्येकात’ वर्गातली मुलंही येतात, झाडू मारणाऱ्या मावशीही येतात. साठीच्या मावशींना कोण ‘अगं’ म्हणतं आणि कोण ‘अहो’, हे आठवीतल्या मुलांना अचूक माहीत असतं. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, तिथल्या छात्रालयाचं काम बघायचे. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत, अंथरुणं आवरून ठेवत. ‘छात्रालय’ नावाचं दैनिक त्यांच्यासाठी हातानं लिहून काढत. रोज लिहायचं म्हणजे रोज बघायला हवं, कोण उदास आहे, कुणाचं कुणाशी फाटलं आहे. खोली झाडण्याइतकंच हे बघणं मला महत्त्वाचं वाटतं.

या जूनमध्ये नववीच्या सगळ्या तुकड्यांनी आपापले नियम स्वतः केले. पहिला दिवस नुसता वादावादीत गेला. मुलींनी हट्टानं एक नियम घालून घेतला, दिसण्यावरून आणि आडनावावरून कुणाला चिडवायचं नाही. ‘ड’नं एक नियम शिक्षकांसाठी केला: चूक सगळ्यांसमोर सांगू नये. खाली सह्यांसाठी जागा सोडली. बहुतेकांनी सह्या केल्या. एका ज्येष्ठ सरांनी केली नाही. वर्गावर वचक राहणार नाही, असं ते म्हणाले. त्यांची भीती मला खोटी वाटत नाही. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात ती कुणालाही वाटेल. मुलांनी त्यांना तसंच विचारलं, की मग वचक कशानं राहील ते सांगा, आपण त्यावर बोलू. ते बोलणं अजून चालू आहे. दहावीच्या वर्गांतही हे करावं का, हा विषय शिक्षक सभेत निघाला, तेव्हा दहावीला एवढा वेळ कुठे, असं बरेच जण म्हणाले. दहावीच्या मुलांनाच एकदा विचारू, एवढंच मी सभेत मांडलं आणि इतिवृत्तात ते नोंदवून घेतलं.