पेंट, पेन आणि कळ

फौजेत एक जुना विनोद आहे. हलेल त्याला सलाम ठोका, हलणार नाही त्याला रंग द्या. इन्स्पेक्शन जवळ आलं की तो खरा होतो. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना, रस्त्याकडेच्या दगडांना पांढरा. बंगळूरच्या पोस्टिंगलाही तेच. मी शिडीवर चढून बराकीची भिंत रंगवत होतो. उतरताना एक पायरी चुकली आणि डब्यासकट पाठीवर आलो.

दोन दिवस कोणाला बोललो नाही. प्रमोशन कॅडर तोंडावर आलं होतं. पाठीचं दुखणं सांगितलं की लो मेडिकल कॅटेगरीची भीती. तिसऱ्या दिवशी बुटाची लेस बांधायला वाकता येईना, तेव्हा सिक रिपोर्ट केला.

डॉक्टर मॅडम केरळच्या. मी ऐटीत इंग्रजीत सुरुवात केली, "मॅडम, पेंट." म्हणायचं होतं 'पेन'. त्या माझ्या हातावरचे पांढरे ठिपके बघत हसल्या. "पेंट तो दिख रहा है. दर्द कैसा है?"

इथे मी अडकलो. कैसा म्हणजे काय सांगू? "ठीक है मॅडम."

"शून्य से दस में कितना?"

"तीन."

मी तपासायच्या टेबलावर कसा चढलो ते त्यांनी पाहिलं होतं. 'तीन' त्यांनी लिहिलंच नाही. एक कागद पुढे केला. त्यावर माणसाच्या शरीराची नुसती रेघांची आकृती होती, पुढून आणि मागून. हातात पेन्सिल दिली. जिथे दुखतं तिथे रंगव म्हणाल्या. मी कमरेवर एक गोळा काढला. मग डाव्या मांडीच्या मागून पोटरीपर्यंत एक रेघ ओढली. ती रेघ मी तोवर कोणालाच सांगितली नव्हती.

मॅडमनी सांगितलं, कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठात रोनाल्ड मेलझॅक नावाच्या शास्त्रज्ञाने १९७५ मध्ये वेदनेची एक प्रश्नावली छापली. तिच्यात दुखण्याचे ७८ शब्द आहेत आणि अशी आकृतीही. किती दुखतं एवढं कळून भागत नाही, कसं दुखतं तेही लागतं.

७८ ऐकून मला आई आठवली. संध्याकाळी तिला फोन केला. पडल्याचं ऐकून आधी ओरडली, मग लगेच विचारलं, "ठणकतंय का चमक मारते? का उसण भरलीय?" आमच्या घरी दात ठणकतो, गळू ठसठसतं, डोळे चुरचुरतात, पायात गोळा येतो, हाताला रग लागते, पोटात कळ येते. शाळा न शिकलेली बाई तीन प्रश्नांत पाठीपासून पोटरीपर्यंत पोचली. मी हिंदीत 'दर्द' आणि इंग्रजीत 'पेन' म्हणून बसलो होतो.

आठवडाभर आराम मिळाला. लायब्ररीतून जाडा इंग्रजी शब्दकोश आणला, शब्दांची मुळं देणारा. पेंट आणि पेन हा माझा घोळ एकट्याचा नव्हता. सहाशे वर्षांपूर्वी, चॉसर कवीच्या काळात, दोन्ही शब्दांचं स्पेलिंग 'पी-ई-वाय-एन' असं सुरू व्हायचं. पण मुळं वेगळी. पेंट आला लॅटिन 'पिंगेरे'वरून. रोमन लोक भरतकामाला 'सुईने रंगवणं' म्हणत आणि त्यासाठी हेच क्रियापद वापरत. मला आईच्या हातावरचं हिरवं गोंदण दिसलं. तिथे सुई, रंग आणि दुखणं एकाच जागी आहेत.

पेन आला लॅटिन 'पोएना'वरून. त्याचा अर्थ दंड, शिक्षा. म्हणून इंग्रजीत अजून 'ऑन पेन ऑफ डेथ' म्हणतात. हे दोन्ही शब्द इंग्रजीत आले फ्रेंचमधून, १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं त्यानंतर. त्याआधी तिथले लोक दुखण्याला 'सार' म्हणायचे. त्यातूनच आजचा 'सोअर' आला आणि 'सॉरी'ही. म्हणजे सॉरी म्हणणारा मुळात 'मला दुखतंय' म्हणत होता.

'शिक्षा' वाचून मी शब्दकोश मिटला. आम्ही जवान दुखणं असंच धरतो. दुखतंय म्हणजे आपण कुठेतरी कमी पडलो, आता भोगा. म्हणून दाताखाली धरतो आणि 'तीन' सांगतो.

मराठीत कळ आहे. थोडी कळ काढ म्हणतो, कळ सोस म्हणतो. पण कळवळाही आहे, आणि कळणंही. शब्दांचा मी पंडित नाही, कानाला जवळ वाटतात एवढंच. बाळंतपणाच्या त्या कळा, आणि गावचे कीर्तनकार म्हणायचे त्या चौसष्ट कळाही. एकाच आवाजात वेदना आणि चित्रकला. कन्नडमध्ये तर आणखी गंमत. एमआय रूममधल्या मंड्याच्या मुलाने माझ्या नडगीवरचा जुना व्रण बघून विचारलं, हा 'कले' कसला? कले म्हणजे डाग, व्रण. आणि कले म्हणजे कलासुद्धा. पुढे कुमार कृपा रोडवरून जाताना चित्रकला परिषदेची पाटी दिसली, तेव्हा माझा हात आपोआप नडगीकडे गेला.

दुसऱ्या भेटीत मॅडमना खरा आकडा सांगितला. सात. मांडीतून वीज उतरल्यासारखी चमक जाते, खोकलं की वाढते, हेही सांगितलं. बारा आठवड्यांची तात्पुरती लो कॅटेगरी लागली. कॅडर हुकलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मणक्याची चकती सरकली होती. तशीच दामटून धावलो असतो तर पाय कायमचा अधू होऊ शकला असता, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

परवा सेक्शनमधला साताऱ्याचा एक पोरगा पीटीनंतर लंगडताना दिसला. "काय रे?"

"काही नाही उस्ताद, ठीक आहे."

"ठणकतंय का चमक मारते?"

तो जरा गप्प राहिला. मग गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "चमक मारते. जिना उतरताना."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला सिक रिपोर्टला मीच घेऊन गेलो.