जीपच्या पोटात

मोटारीचे इंजिन सगळ्यांना ठाऊक असते. ते धडधडते, तापते, धूर ओकते, आणि बंद पडले की रस्त्यावरचा कोणीही सद्गृहस्थ बॉनेट उघडून त्यात डोके घालतो. गिअरबॉक्सचीही निदान नावापुरती ओळख असते. पण जीपच्या पोटाखाली, गिअरबॉक्सच्या पाठीला चिकटून, बिडाची आणखी एक पेटी असते. तिची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. तिचे नाव ट्रान्सफर केस. इंजिनाकडून आलेली शक्ती पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून द्यायची, हे तिचे काम. एकत्र कुटुंबात मिळवणारा एक आणि वाटून देणारी आजी, तसाच हा प्रकार. आजी आजारी पडेपर्यंत तिच्या कामाची आठवण कोणाला होत नाही.

आमच्या जीपची ही आजी गेल्या वर्षी मे महिन्यात, आंब्याच्या ऐन हंगामात आजारी पडली.

रत्नागिरीजवळ सड्यावर आमची हापूसची बाग आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती कातळ फोडून, बाहेरून माती आणून लावली. बागेकडे जाणारा शेवटचा मैलभर रस्ता म्हणजे जांभ्या दगडाची नुसती चढण. तिथे टेम्पो चढत नाही. माणसांच्या डोक्यावरून पेट्या उतरवायच्या म्हटले, तर आंब्याचे पैसे मजुरीतच जातात. म्हणून अण्णांनी सरकारी लिलावात एक जुनी पेट्रोलची जीप घेतली. उंच नाकाची, सीजे थ्री-बी जातीची. पुढे तीस-पस्तीस हंगाम तिने पेट्या वाहिल्या. अण्णांना जाऊन आता तीन वर्षे झाली.

मे महिन्यात जीपचा लो गिअर चढणीवर आपोआप सुटू लागला. भरल्या पेट्यांनिशी गाडी मागे घसरायची, आणि मागे बसलेल्या गड्यांनी उड्या टाकून चाकांखाली दगड घालायचे! गावातल्या एका गॅरेजवाल्याने गाडीकडे लांबूनच पाहिले आणि भंगारवाल्याचा पत्ता दिला. धाकटा भाऊ डोंबिवलीस असतो. त्याने फोनवर स्पष्टच सांगितले, "दादा, जीप गेली म्हणजे बाग गेली. चांगलं गिऱ्हाईक आलंय, तर विकून मोकळे होऊ." त्याचे बोलणे वावगे नव्हते. त्याला दोन मुलांची शिक्षणे आहेत. मी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस. भावनेने बाग राखता येत नाही एवढे मलाही कळते. आई मात्र काहीच बोलली नाही. ती उठून आत गेली आणि बराच वेळ तिने भांडी घासली. भांडी सकाळीच घासलेली होती.

मी भावाकडून पुढच्या हंगामापर्यंतची मुदत मागून घेतली.

आता या यंत्राविषयी थोडेसे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. युद्ध संपल्यावर तीच गाडी शेतावर आली, आणि 1949 साली मुंबईत माझगावला महिंद्रांच्या कारखान्यात सुट्या भागांतून जोडली जाऊ लागली. तिच्या पोटातली पेटी 'स्पायसर अठरा' या नावाने ओळखली जाते. अमेरिकेतल्या साध्या जीपगाड्यांत ती 1971 सालापर्यंत बसवीत होते. तिच्यात साखळी नाही, पट्टा नाही. सगळा कारभार दात्यांचा. वर गिअरबॉक्सकडून आलेले चाक, मध्ये एक दुपदरी चाक आणि खाली चाकांकडे जाणारा दांडा. ड्रायव्हरच्या हाताशी दोन छोट्या दांड्या असतात. एकीने पुढची चाके जोडायची, दुसरीने हाय किंवा लो निवडायचे. लोमध्ये वेग उतरतो आणि ओढण्याचे बळ सुमारे अडीचपट होते. पुढची चाके जोडल्याशिवाय लो पडत नाही, कारण दोन्ही दांड्यांच्या मध्ये बोटाच्या पेराएवढी एक पोलादी गोळी पहारा करीत बसलेली असते. नाहीतर ते सारे बळ एकट्या मागच्या दांड्यावर येऊन तो पिळून मोडायचा.

हे ज्ञान मला राजिवड्याच्या चाचांनी दिले. अण्णांची जीप हयातभर त्यांनीच पाहिली. आता त्यांना दिसत नाही म्हटले तरी चालेल. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, पण पडद्याचा विकार राहिला. मी घरी गेलो तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, डोळे तुमचे, कान माझे. होतंय का बघू या."

दिवाळीनंतर पावसाची ओल गेली, तेव्हा आम्ही मागच्या पडवीत काम मांडले. चाचा खुर्चीवर, मी जमिनीवर आणि शेजारचा सातवीतला मुलगा पाने हातात द्यायला. पहिली आज्ञा झाली, "तेल काढा आणि परातीत उन्हात धरा." काळ्या तेलात सोनेरी कण चमकत होते. ते ऐकून चाचांचा चेहरा एकदम खुलला. म्हणाले, "सोनं दिसलं ना? मग बरं आहे. ती कांशाच्या वाशरांची भुकटी. पोलादाची किरचं असती, तर दाते गेले असं समजायचं."

पुढे-मागे जाणारे फिरते दांडे सोडवले, हँडब्रेकचा ड्रम उतरवला, मीटरची तार काढली, आणि ती जड पेटी आम्ही तिघांनी मिळून गोणपाटावर घेतली. गिअरच्या दांड्या अडवणाऱ्या लहान गोळ्या स्प्रिंगवर बसलेल्या असतात. काढताना भोकावर फडके धरायचे. तरी एक गोळी उडालीच, आणि आमच्या मदतनिसाने ती क्रिकेटच्या चेंडूसारखी हवेत झेलली! सगळे भाग रॉकेलमध्ये धुऊन जुन्या धोतरावर क्रमाने मांडले. गणिताच्या मास्तरांना क्रमाचे महत्त्व कोणी सांगायला नको.

दाते खरोखरच शाबूत होते. गेला होता तो मधला दांडा. मधले चाक ज्याच्यावर फिरते तो हा दांडा स्वतः फिरत नाही, एका जागी मुकाट बसून असतो. त्याच्यावर सुयांसारख्या बारीक रुळांनी चर पाडले होते, आणि दोन्ही टोकांची कांशाची वाशरे झिजून पापडासारखी झाली होती. त्यामुळे चाक डुलायचे, दाते पूर्ण बसायचे नाहीत आणि भार पडला की गिअर सुटायचा. चाचांनी दांड्यावरून अंगठा फिरवला. म्हणाले, "डांबरी रस्त्यावर कोणीतरी चारी चाकं जोडून हाकलीय." वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत ती थोडी घसरून हिशेब जुळवतात. डांबरावर घसरता येत नाही, आणि तो सगळा पीळ पेटीला सोसावा लागतो. गेले दोन हंगाम गाडी एका रोजाच्या ड्रायव्हरच्या हाती होती, हे मी चाचांना सांगितले. ते नुसते हसले.

दांडा, रूळ, वाशरे, तेल अडवणारी सीले असा सगळा संच कुर्ल्याच्या बाजारातून आला. तो आणला कोणी? धाकट्याने. कुरियर न करता एका शनिवारी रात्रीच्या गाडीने स्वतः घेऊन आला. "पैसे फुकट जाणार आहेत, दादा," असे बजावून रविवारी परतला; पण जाण्यापूर्वी तासभर पेटीजवळ उकिडवा बसून होता.

जोडणी मात्र उघडण्यापेक्षा दसपट अवघड. चाकाच्या भोकात ते सुटे रूळ ग्रीसने चिकटवून उभे करायचे, चाकासह वाशरे पेटीत सरकवायची आणि मग बाहेरून दांडा ठोकायचा. एक रूळ पडला की सगळे पुन्हा पहिल्यापासून. चाचांनी युक्ती सांगितली. दांड्याएवढ्याच जाडीचा, पण पेटीच्या आतल्या रुंदीइतकाच लांब असा लाकडी तुकडा आधी भोकात घालायचा. रूळ त्याच्याभोवती उभे राहतात. मग खरा दांडा आत येताना लाकडाला ढकलून पलीकडे काढतो. पण इतके गोल, गुळगुळीत आणि टणक लाकूड आणायचे कोठून? आम्ही ही चर्चा करीत असताना आई स्वयंपाकघरातून आली आणि तिने आपले लाटणे माझ्यापुढे ठेवले. लग्नात आलेले, साठ वर्षांचे शिसवी लाटणे! मी म्हणालो, "आई, हे कापावं लागेल." ती म्हणाली, "मग काप. पोळ्या बाटलीनंसुद्धा लाटता येतात."

मी ते कापले, कानशीने घासून मापाला आणले. त्या लाटण्याभोवती सारे रूळ शिपायांसारखे उभे राहिले आणि दांडा पहिल्या झटक्यात गेला.

शेवटचे काम खालच्या दांड्याची ढील बसवण्याचे. मागच्या झाकणाखाली पातळ पत्र्याच्या चकत्या घालून ती चार ते आठ हजारांश इंच ठेवायची, म्हणजे वहीच्या एक-दोन कागदांएवढी. कमी झाली तर बेअरिंग तापते, जास्त झाली तर दांडा पुढे-मागे ठोकतो. मी पात्यांच्या मापाने मोजत होतो. चाचांनी दांडा हाताने हलवून पाहिला आणि म्हणाले, "अजून एक पातळ काढा." काढली. मोजले तर सहा हजारांश! मापाची पाती मी डबीत ठेवून दिली.

फेब्रुवारीत पेटी गाडीला चढवली, नव्वद नंबरचे तेल घातले आणि चाचांना शेजारी बसवून सड्याची चढण धरली. मागे दगडाच्या पोत्यांचे वजन होते. मी लो टाकला. दांडीवर हात ठेवणार तोच चाचा म्हणाले, "हात काढा. तिला तिचं काम करू द्या." चढण संपेपर्यंत ते डोळे मिटून ऐकत होते. वर पोचल्यावर त्यांनी मला इंजिन बंद करायला सांगितले आणि मोहोर आला आहे का, ते विचारले. मी म्हटले, आला आहे. "वासानं कळलंच," ते म्हणाले.

या हंगामात सगळ्या पेट्या जीपनेच उतरल्या. धाकटा मे महिन्यात मुलांना घेऊन आला, आणि शेवटच्या चार खेपा त्यानेच केल्या. बाग विकायची नाही असे काही तो बोलला नाही. गिऱ्हाइकाला मात्र "पुढच्या वर्षी बघू" म्हणून कळवले. आईला त्याने नवे लाटणे आणले. ते हलके आहे, अशी तिची तक्रार आहे.

चाचांच्या सांगण्यावरून आत्ता दिवाळीच्या तोंडावर मी पेटीतले तेल काढले आणि परात उन्हात धरली. तेल काळे होते; सोनेरी कण शोधूनही सापडला नाही. संध्याकाळी धाकट्याला फोन करून तेवढेच सांगितले. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मग पेट्यांची लाकडं कधी सांगायची?"