मामाचा मेल कुठे राहतो?

'तुमचा मेल कुठे असतो?' हा प्रश्न पनवेलच्या बाजारपेठेतल्या कुठल्याही ऑफिसात जाऊन विचारून बघा. 'कुठे म्हणजे? इंटरनेटवर!' असं उत्तर येईल आणि वर 'इंजिनिअरिंगला आहेस ना गं तू?' अशी एक नजरही मिळेल. माझ्या मामाचंही हेच उत्तर होतं.

मामा कस्टम्स ब्रोकर, म्हणजे जुन्या भाषेत क्लिअरिंग एजंट. १९८९ साली न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं आणि पनवेल-उरणकडच्या कितीतरी घरांची चूल कंटेनरवर पेटायला लागली, त्यातलंच हे एक घर. पार्टीच्या सूचना, बिल ऑफ लेडिंग, शिपिंग लाइनशी भांडणं, सगळं आउटलुकवर. आता गोची अशी, की मामाचं अकाउंट पॉप-३ पद्धतीचं. यात कॉम्प्युटर सर्व्हरवरून मेल उतरवून घेतो आणि आउटलुकचं नेहमीचं सेटिंग ठेवलं असेल तर चौदा दिवसांनी सर्व्हरवरची प्रत पुसून टाकतो. पाठवलेले मेल तर बहुतेक वेळा फक्त आपल्याच मशीनवर राहतात. पोस्टमनने पत्र हातात दिलं की पोस्टात त्याची झेरॉक्स थोडीच ठेवतात? म्हणजे 'इंटरनेटवर' असलेला मामाचा अख्खा धंदा प्रत्यक्षात टेबलाखालच्या धूळ खाणाऱ्या डब्यात, एका पीएसटी फाइलमध्ये राहत होता.

गेल्या पावसाळ्यात तो डबा टकटक असा आवाज करायला लागला आणि तिसऱ्या दिवशी गप्प झाला.

बॅकअप नव्हता असं नाही हं! कॉम्प्युटर बसवणाऱ्याने दर रात्री आपोआप बॅकअप होण्याची सोय करून दिली होती. कुठून कुठे? सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर. सी आणि डी हे एकाच हार्ड डिस्कचे दोन कप्पे. दागिने कपाटाच्या वरच्या खणातून खालच्या खणात ठेवायचे आणि म्हणायचं, आता चोराची भीती नाही. इथे कपाटच गेलं.

नेमकं तेव्हाच एका पार्टीशी वाजलं होतं. दोन कंटेनर अकरा दिवस अडकले, त्यांचं डिटेन्शन कोणी भरायचं? 'आम्ही सांगेपर्यंत कागद पुढे सरकवू नका' असा मेल पार्टीनेच केला होता. मामाने तो वाचला होता, ऑफिसातल्या ताईंनी वाचला होता, पण दाखवायला कुठे होता? पार्टी म्हणाली, असा मेलच नाही. मामाने खिशातून पैसे भरले. किती, ते त्याने अजून मामीलाही सांगितलेलं नाही. शिवाय २०१८ च्या नियमांप्रमाणे कस्टम्स ब्रोकरला कामाची कागदपत्रं किमान पाच वर्षं जपून ठेवावी लागतात, ती धास्ती वेगळीच.

नवीन मशीन आलं आणि मला फर्मान निघालं. वर्गातल्या एका मित्राने लगेच सल्ला दिला, 'त्यात काय, एक बॅच फाइल लिही, टास्क शेड्युलरला लाव, विषय संपला.' मला हे पटलं नाही. आपोआप चालणारी गोष्ट आपोआप बंदही पडते आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. शिवाय त्यासाठी दुसरी डिस्क कायम मशीनला लावून ठेवावी लागते. आणि बंदरावर पोट असलेल्या माणसांनी तरी २७ जून २०१७ विसरू नये.

त्या दिवशी 'नॉटपेट्या' नावाच्या व्हायरसने मर्स्क या शिपिंग कंपनीचं जगभरचं नेटवर्क बसवलं. त्यांच्याच समूहाकडून चालवलं जाणारं न्हावा-शेवाचं जीटीआय टर्मिनलही ठप्प झालं. मामाला तो दिवस पाठ आहे, फक्त त्याच्या भाषेत तो 'गाड्या अडकल्या तेव्हा' असा आहे. मर्स्कला पुढे सुमारे चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. त्यांच्या नेटवर्कमध्ये कोण कोण आहे याची यादी ठेवणारे सर्व्हर जगभर होते आणि प्रत्येकावर दुसऱ्याची नक्कल होती. पण सगळे एकमेकांना जोडलेले, त्यामुळे सगळे एकदमच गेले. वाचला फक्त घानामधला एक. का? तर तिथे त्या वेळी लाइट गेली होती! महाराष्ट्रात लोडशेडिंगला एवढ्या शिव्या दिल्या आपण, आणि तिकडे गेलेल्या लाइटने एक जागतिक कंपनी वाचवली. हा किस्सा सांगितल्यावर मामाला 'प्रत काढून मशीनपासून तोडून ठेवायची' हे एका मिनिटात कळलं.

पण रोजचं काम मामा करत नाही, ताई करतात. आणि माझं शिक्षण पडलं कॉन्व्हेंटात. 'फाइल इज इन यूज' म्हणजे काय हे पन्नाशीच्या बाईंना मराठीत सांगताना माझी बोबडी वळायची वेळ आली. आउटलुक उघडं असताना ती फाइल कॉपी होत नाही, एवढंच सांगायचं होतं. मी दहा मिनिटं बोलले. ताई म्हणाल्या, 'म्हणजे शटर ओढल्याशिवाय गल्ला मोजायचा नाही. असंच ना गं?' असंच! मी ते वाक्य तसंच कागदावर लिहून मॉनिटरशेजारी चिकटवलं.

फाइल शोधायला फोल्डर उकरत बसावं लागत नाही. क्लासिक आउटलुकमध्ये फाइल, अकाउंट सेटिंग्ज, मग डेटा फाइल्स, आणि तिथे 'ओपन फाइल लोकेशन' दाबलं की नेमकी जागा समोर येते. (ज्यांच्या फाइलच्या शेवटी पीएसटीऐवजी ओएसटी असतं, त्यांचा मेल सर्व्हरवर असतो, ती फाइल नुसतं प्रतिबिंब आहे, ती कॉपी करून दुसऱ्या मशीनवर उपयोग नाही.) सापडलेल्या फाइलचा शॉर्टकट मी डेस्कटॉपवर ठेवला आणि नाव दिलं 'गल्ला'.

पेनड्राइव्हची एक गंमत मात्र कोणी सांगत नाही. बरेचसे पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले येतात आणि त्यात चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही, मग पेनड्राइव्ह चौसष्टचा असो नाहीतर रिकामा असो. पीएसटी काही वर्षांत सहज तेवढी फुगते. म्हणून दोन पेनड्राइव्ह आणले आणि आधीच एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घेतले. ताईंनी त्यांना नावं दिली, सम आणि विषम. एका शनिवारी सम, पुढच्या शनिवारी विषम. ज्यावर कॉपी झाली तो त्यांच्या डब्याच्या पिशवीतून खांदा कॉलनीला घरी जातो, दुसरा ऑफिसच्या कपाटात. दोन्ही एका छपराखाली कधी ठेवायचे नाहीत. २६ जुलै २००५ ला गाढी नदीचं पाणी गावात शिरलं होतं, तेव्हा तळमजल्यावर राहणाऱ्या ताईंना हे मी समजावून सांगायची गरजच पडली नाही.

महिन्यातून एकदा माझा लॅपटॉप घेऊन मी जाते. पेनड्राइव्ह लावायचा, आउटलुकमध्ये 'ओपन आउटलुक डेटा फाइल' करायचं आणि मामा सांगेल तो कुठलाही जुना मेल शोधून दाखवायचा. मामाला या परीक्षेत भलतीच मजा येते. मुद्दाम आडवळणाचे मेल विचारतो. परवा त्याने दिवाळीच्या शुभेच्छांचा एक मेल मागितला, ताईंनी अर्ध्या मिनिटात काढून दिला.

आता प्रश्न उरलाय व्हॉट्सअ‍ॅपचा. अर्ध्या पार्ट्या हल्ली 'ओके, रिलीज करा' एवढंच तिथे लिहून मोकळ्या होतात. त्याचा बॅकअप कसा, हे मी अजून वाचतेच आहे. ताईंनी तोवर आपला मार्ग काढलाय. असा मेसेज आला की त्या तिथेच उत्तर टाकतात, 'कृपया हेच मेलवर पाठवा.' मेल येईपर्यंत कागद हलत नाही.